दार कुठल्या बाजूला

चोन्ची, २२ मार्च

प्रिय नोल्फा,

तुझं नाताळचं पत्र मिठाच्या बरणीखाली तसंच पडून आहे आणि मी आज उत्तराला बसतो आहे. उशीर झाला, रागावू नकोस. आधी बटाटे काढायचे होते, मग सफरचंदांचा रस गाळायचा होता, मग छातीत कफ झाला. पण खरं सांगायचं तर लिहायला काही नव्हतं. मार्ता गेल्यापासून या घरात सकाळी चूल पेटते आणि रात्री विझते, एवढंच घडतं.

आता मात्र काहीतरी घडतंय, आणि मला ते आवडलेलं नाही.

रुबेनने एक गाडी आणली आहे. ओसोर्नोमधल्या एका बेकरीची पावाची जुनी गाडी त्याच्या गॅरेजात पडून होती. तिच्यातल्या फळ्या काढून त्याने बिछाने केले, गॅसची शेगडी बसवली, टेबल बसवलं. टेबल खाली पाडलं की तोच पलंग. बाहेरच्या बाजूला अजून अर्धवट पुसलेलं पावाचं चित्र आहे. हीटर लावला की ओल्या मोज्यांच्या वासातून जुन्या पावाचा वास येतो. गेले दोन शुक्रवार रुबेन, सूनबाई यास्ना आणि त्यांची पालोमा फेरीबोटीने बेटावर येतात, मला दारातून उचलतात आणि रविवारपर्यंत पावसात हिंडवतात. माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या, चूल तापलेली, आणि आम्ही चौघं त्या डब्यात सार्डिनसारखे!

मी रुबेनला म्हटलं, "अरे, नाताळात, ऐन उन्हाळ्यात का नाही आलात? या दिवसांत कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही."

"उन्हाळ्यात कुणी घरी नसतं, बाबा. आता सगळे सापडतात."

सापडतात! याला कोण सापडायला हवंय? पोरीची शाळाही शुक्रवारी बुडते. मास्तरणीची मुलगी असलेली यास्ना त्यावर चकार शब्द काढत नाही. उगाच कोणी असं करतं का?

माझ्या बिछान्यावरचा छताचा सांधा गळतो. यास्नाने तिथे कप टांगलाय. सकाळी पालोमा तो बाहेर ओतते आणि आजोबाला जाहीर करते, "ताता, आज अर्धाच! तुम्ही कमी घोरलात." काय संबंध, तूच सांग. मी दाराकडे डोकं करून झोपतो. गॅसच्या टाकीचा मला भरवसा नाही. ब्रेकचाही नाही. मुलगा मेकॅनिक आहे म्हणून तोंड मिटून बसतो.

रुबेन तुला काही लिहितो का? लिहीत असेल तर कळव. हे पत्र बस चालवणाऱ्या चागोच्या हाती पाठवतो. पोस्टाने हिवाळा उजाडेल.

तुझा भाऊ,
बेलार्मीनो


रिओ गायेगोस, २९ मार्च

मीनोदादा,

चागोने बस कोपऱ्यावर उभी केली, पत्र दारात आणून दिलं आणि म्हणाला, "उत्तर लगेच लिहा हं, नाहीतर म्हातारबा माझ्या प्रत्येक फेरीला स्टँडवर येऊन उभे राहतील." तीन महिने गप्प आणि आता ही घाई! तुझं तुलाच ठाऊक.

इथे वारा आहे. दुसरं काय असणार? परवा शेजारणीची चादर उडाली ती बहुधा समुद्रात गेली. आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून तिला निरोप देत होतो. एवारिस्तो असता तर चादरीमागे धावला असता. मला आता धावावंसं वाटत नाही.

रुबेन मला कशाला लिहील? त्याला पोस्टात उभं राहायला सवड आहे का? पोरगा फिरायला नेतोय तर फिर. किती बापांना पोरं दारात गाडी आणून उभी करतात? छत गळतंय तर गळू दे, तोंडात तर गळत नाही ना?

बाकी ठीक. आईच्या घराचं छप्पर कसं आहे? तुझ्या खिडकीतून ते अजून दिसतं, की मध्ये झाड वाढलं? सहज विचारते.

नोल्फा


चोन्ची, १२ एप्रिल

प्रिय नोल्फा,

झाड वाढलेलं नाही. पाण्यापलीकडे, लेमुई बेटाच्या काठावर, आईचं घर माझ्या स्वयंपाकघरातून नखाएवढं दिसतं. उत्तरेकडची थोडी लाकडी कौलं वाऱ्याने उचकटली आहेत, बाकी धड आहे. रोज दिवा लावताना मी तिकडे बघतो. तिकडून कुणी दिवा लावत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या घराची किल्ली रुबेनने परवा मागून घेतली. "छप्पर बघतो," म्हणाला. इतकी वर्षं याला छप्पर आठवलं नाही.

तू म्हणतेस फिर. आमचं फिरणं कसं असतं ते ऐक. गाडी कुणाच्या तरी घरापुढे चिखलात थांबते. रुबेन चोन्चीच्या सोनेरी दारूची बाटली कोटाखाली घेऊन आत जातो. मी उठायला लागलो की यास्ना म्हणते, "बाबा, तुम्ही नका उतरू, छाती धरेल. खिडकीशी बसा. दिसलात म्हणजे झालं."

दिसलो म्हणजे झालं! मी काय दुकानातला पुतळा आहे? काचेवर वाफ धरते तर पालोमा माझ्या तोंडासमोर बाहीने गोल पुसून देते. मग आम्ही दोघं पत्ते खेळतो. ती लबाडी करते आणि पकडली की म्हणते, "ताता, तुमचं लक्ष नाही, तो माझा दोष आहे का?" तासाभराने रुबेन बाहेर येतो. त्याच्या मागे घरातली माणसं दारात येतात, माझ्याकडे बघतात, टोपी काढतात. मयताची गाडी जाताना काढतात तशी.

एरीबेर्तोकडेही असंच झालं. तो रुबेनचा धर्मपिता, सहा बैलांचा धनी, माझा बालपणचा मित्र, आणि मी त्याच्या दाराबाहेर गाडीत! तो मात्र पावसात उघड्या डोक्याने आला आणि खिडकीतून माझा हात धरून उभा राहिला.

"मीनो, चांगलं होईल."

"काय चांगलं होईल?"

"चांगलं म्हणजे चांगलं." आणि डोळे पुसत आत गेला.

बाटली घेऊन माणूस दुसऱ्याच्या दारी दोनच कामांसाठी जातो. जमिनीचा सौदा पक्का करायला, नाहीतर लाकडी घर अख्खंच्या अख्खं दुसऱ्या जागी ओढून न्यायला माणसं आणि बैल मागायला. माझं घर आहे तिथे आहे, त्याला कुणी ओढत नाही. विनवणी कशी करतात हे शाळेपासून ओसोर्नोत वाढलेल्या रुबेनला माहीतही नाही. मग उरलं काय?

तू माझ्यापेक्षा शहाणी. काय शिजतंय ते सांग.

बेलार्मीनो


रिओ गायेगोस, १९ एप्रिल

मीनोदादा,

तू लहानपणापासून असाच. बाबांची होडी यायला जरा उशीर झाला की तू मेणबत्त्या शोधायला लागायचास, आणि बाबा मागच्या दाराने येऊन केव्हाचे मासे साफ करत बसलेले असायचे. काही शिजत नाही. आणि एरीबेर्तोचं काय सांगतोस? कांदा दुसऱ्या बेटावर चिरला तरी त्याच्या डोळ्यांना पाणी येतं.

सांगतात तिथे बस. खिडकीशी बस, लोकांना दिस. तुझं तोंड अजून तितकं वाईट नसावं. त्या गाडीत यास्नाला बटाटे तरी किसून देतोस की नुसता गॅसच्या टाकीवर पहारा करतोस? गळक्या छताखाली चार माणसांचं रांधणं सोपं नाही. तिच्याशी दोन शब्द गोड बोल.

ते उत्तरेकडचं छप्पर. पाणी आतपर्यंत गेलंय का? खालच्या तुळया कुजल्या नाहीत ना?

इथे पहिला बर्फ पडला. मी संध्याकाळी रेडिओ लावून ठेवते. काय बोलतात ते ऐकत नाही, कुणीतरी बोलत असलं म्हणजे पुरे.

नोल्फा


चोन्ची, ३ मे

नोल्फा,

तूही त्यांना सामील आहेस. आता माझी खात्री पटली.

तुळयांचं तुला काय पडलंय? गेल्या शनिवारी आम्ही लेमुईवर आईच्या अंगणात गाडी लावली होती. उत्तरेचा वारा सुटला, फेरीबोट बंद झाली आणि आम्ही तिथेच अडकलो. पाऊस आडवा. गाडी अशी हलत होती की टेबलावरचं सूप एकदा माझ्याकडे येई, एकदा यास्नाकडे. सगळं ओलं. ब्लँकेट ओलं, पत्ते ओले, साखरसुद्धा ओली. आणि रुबेन कुठे होता? आईच्या घराखाली चिखलात पाठीवर पडून बॅटरीने तुळया बघत होता! खांब ठोकून बघत होता. गिऱ्हाईक आणायच्या आधी माणूस हेच करतो.

मी यास्नाला बटाटे किसून दिले, तू सांगितलंस म्हणून. तिने मिल्काओ थापले, तव्यावर टाकले, धुराने गाडी भरली, पालोमा खोकून खोकून हसत होती. थोडा वेळ बरं वाटलं. मार्ता असताना असंच बसायचो. मग यास्ना हळूच म्हणाली, "बाबा, शेजारी आपलं माणूस असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं ना?"

"शेजारी म्हणजे कुठे?" मी विचारलं.

तिने रुबेनकडे बघितलं. रुबेनने तव्याकडे बघितलं. पालोमाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पोरीला पण माहीत आहे!

मला सगळं कळलं. ओसोर्नोत त्यांच्या समोरची चौथ्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. मी ती पाहिली आहे. तिथल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मला तिथे नेऊन ठेवायचं, माझं घर आणि आईचं घर दोन्ही विकायची, आणि लोकांना आधीच पटवून ठेवायचं की म्हातारा राजीखुशीने चाललाय. बघा, गाडीत बसलाच आहे!

मी जाणार नाही, नोल्फा. मार्ता या घरात गेली. मीही इथूनच जाईन.

बाटली माझ्याकडेही आहे आणि दारं मलाही माहीत आहेत. उद्यापासून मी एकेकाच्या घरी जाणार. बस मिळाली तर बसने, नाहीतर पायी. टोपी हातात धरून म्हणणार, रुबेनने जे मागितलंय ते देऊ नका. म्हाताऱ्याची विनवणी या बेटावर कुणी मोडत नाही. बघू, पोराचं चालतं की बापाचं.

बेलार्मीनो


रिओ गायेगोस, ७ मे

दादा,

हे पत्र मिळेल तिथे थांब. एकही दार ठोठावू नकोस.

तुला कुणी नेत नाही. तुझं घर कुणी विकत नाही. मी येते आहे.

जानेवारीत मीच रुबेनला लिहिलं. तुझ्याशी खोटं बोलले, तो मला दर आठवड्याला लिहितो. एवारिस्तो गेल्यापासून इथे मला नावाने हाक मारणारं कुणी राहिलेलं नाही. शेजारीण 'बाई' म्हणते, दुकानदार 'आजी' म्हणतो. मला घरी यायचंय. पण तुझ्या घरात पाहुणी म्हणून नाही. एकोणिसाव्या वर्षी दार आपटून गेलेली बाई म्हातारपणी भावाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन बसत नाही. आणि लेमुईवर आईच्या घरात एकटी राहू म्हटलं तर तिथे आता शेजारच उरला नाही. मग रुबेनला सुचलं. "आत्या, आपण घरच पाण्यावरून आणू. बाबांच्या शेजारी लावू."

येत्या चौदा तारखेला, रविवारी, मोठी भरती आहे. एरीबेर्तोचे आणि इतरांचे बैल घर किनाऱ्यापर्यंत ओढतील. पुढे एर्सिलिया आणि तिचे दीर त्यांच्या लाँच लावून ते तुझ्या काठावर आणतील. हे काम पैशाने होत नाही, तुला मी काय सांगू? दारोदार जाऊन मागावं लागतं. रुबेनला विनवणी मी शिकवली, पत्रातून. पण ओसोर्नोत वाढलेल्या पोराच्या शब्दावर बैल कोण देणार? म्हणून तुला खिडकीशी बसवायचं ठरलं. घरातला वडीलधारा मागे बसलेला दिसला की लोक हो म्हणतात. लोकांनी हो म्हटलं ते तुझ्या तोंडाकडे बघून, दादा.

तुला सांगू नका असं मीच बजावलं होतं. बाबांशी यावर एक शब्द बोलू नका, असं रुबेनने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. ऐन वेळी माझा धीर सुटला असता तर तू त्या रिकाम्या घराकडे बघत हिवाळा काढला असतास. मी तुला ओळखते.

आता कळलं ना? गप्प बस, सगळं होऊ दे. मी ट्रंक भरायला घेतली आहे.

तुझी,
नोल्फा


चोन्ची, १६ मे

प्रिय नोल्फा,

तुझं पत्र रविवारी संध्याकाळी मिळालं. घाटात बर्फ पडला म्हणून चागोची बस वाटेतच अडकून पडली होती. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

मी सगळीकडे जाऊन आलो होतो. एरीबेर्तोकडे, एर्सिलियाकडे, जिथे जिथे गाडी थांबली होती त्या सगळ्या घरी. मला दारं पाठ झाली होती. भिजून गेलो, कुणी मला शेकोटीजवळ बसवलं, कुणी गरम सूप दिलं. मी टोपी हातात धरली आणि म्हटलं, "माझ्या पोराने जे मागितलंय ते देऊ नका. मी म्हातारा माणूस तुमच्याकडे एवढंच मागतो."

एर्सिलिया म्हणाली, "पण मीनोभाऊ, तुम्हाला माहीत आहे का त्याने काय मागितलंय?"

"सगळं माहीत आहे," मी म्हटलं.

सगळं माहीत आहे! हे मी म्हटलं, नोल्फा. त्यांनी रुबेनला शब्द दिला होता, त्यामुळे पुढे कुणी बोललं नाही. एरीबेर्तोने विस्तवात एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "मोठा माणूस मागतोय. ठीक आहे, मीनो. पण तू तुझ्या बहिणीशी असा वागशील असं वाटलं नव्हतं." मला वाटलं, आईच्या घरात तुझाही वाटा आहे म्हणून बोलतोय. मी नीट विचारलंही नाही. माझं काम झालं होतं ना!

रविवारी वारा पडला. या दिवसांत कधी नव्हे ते पाणी तेलासारखं शांत. बारीक पाऊस होता. घरातली जुनी दुर्बीण काढून मी खिडकीशी बसलो. आईच्या घराशेजारी पावाची गाडी. अंगणात मोठ्या हंड्याखाली जाळ, त्याच्यापुढे यास्ना. खाली किनाऱ्यापर्यंत ओंडके ओळीने मांडलेले. ते मला दिसले. काय असतात ते माझ्याइतकं कुणाला कळतं? पण भीतीने माणूस आंधळा होतो. मी रस्त्याकडेच बघत होतो, गिऱ्हाईक येतंय का म्हणून. कुणी आलं नाही. मी खूष होऊन सफरचंदाची दारू पेलाभर ओतून घेतली. तुला खरं सांगतो, एकट्याने पेला वर करून प्यालो.

पालोमा लाल रेनकोट घालून पुन्हा पुन्हा वळणापर्यंत जात होती आणि परत येत होती. भरती चढली, ओंडक्यांपर्यंत आली, थांबली आणि उतरायला लागली. रुबेन दोर हातात घेऊन उभाच होता.

मग चागो आला, तुझं पत्र घेऊन.

सोमवारी पहाटे मी फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. गाडी उतरली. रुबेनने काच खाली केली.

"बाबा, इथे काय करताय पावसात?"

"कुणी आलं नाही ना?"

"नाही. सगळे हो म्हणाले होते." तो माझ्याकडे बघत नव्हता. "रात्री लेमुईवरच्या पुकेल्दोन गावातून आत्याला फोन करून सांगितलं."

मी तिथेच सगळं सांगितलं. रुबेनने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. यास्ना बोलली. "साठ माणसांचं रांधलं होतं, बाबा. हंडा मागेच आहे. आता तुम्हीच खा. रोज थोडं थोडं खा, नाताळपर्यंत पुरेल." मग ती रडायला लागली. पालोमाने मला विचारलं, "ताता, तुम्हाला आत्याआजी नको होती का?"



नोल्फा, लोक तुझ्यावर रुसलेले नाहीत. तुला कुणी विसरलं नाही. बैल मी अडवले. हे तू नीट, दोनदा वाच. येत्या अमावस्येला पुन्हा मोठी भरती आहे. मी पुन्हा सगळ्यांकडे जातो. तू ट्रंक रिकामी करू नकोस.

तुझा अपराधी भाऊ,
बेलार्मीनो


रिओ गायेगोस, १६ मे

बेलार्मीनो,

परवा रात्री रुबेनचा फोन आला होता. शेजारणीच्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकला. भरती आली आणि गेली, एकही माणूस आला नाही, एकही बैल आला नाही. तो बिचारा माझीच माफी मागत होता.

त्यांचं चुकलं नाही. इतकी वर्षं मी कुणाच्या लग्नाला आले नाही, कुणाच्या मयताला आले नाही, कुणाचे बटाटे काढायला हात लावला नाही. मी कुणासाठी दोर ओढला म्हणून ते माझ्यासाठी ओढतील? तोंडावर नाही म्हणवलं नाही म्हणून हो म्हणाले, एवढंच.

ट्रंक रिकामी केली. कपडे परत कपाटात लावले. तू काळजी करू नकोस, तुला कुणी कुठे नेणार नाही.

नोल्फा


चोन्ची, १८ जून

प्रिय नोल्फा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं हातात पडलं तेव्हा माझं तुझ्याकडे पोचलेलं असणार. तेव्हापासून मी वाट बघतोय. चागो सांगतो, तू दार जरासं उघडून पत्र घेतलंस आणि "उत्तर नाही," म्हणालीस. रुबेनने शेजारणीकडे दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुझं डोकं दुखत होतं. आता ऐकतो की घाट बर्फाने बंद व्हायच्या बेतात आहे. चागोची ही कदाचित हिवाळ्यातली शेवटची फेरी. म्हणून हे लिहितो.

घर आलं, नोल्फा.

मी पुन्हा दारोदार गेलो. या वेळी आत मी गेलो आणि रुबेनला गाडीत खिडकीशी बसवलं. पालोमा त्याच्यासमोरची वाफ पुसून देत होती. मी प्रत्येक घरात उभ्याउभ्याच सांगितलं की बहिणीला आणणारं घर मी अडवलं, कारण मला वाटलं माझं घर जातंय. लोक हसले. मला हसले ते बरंच झालं. एर्सिलियाने कमरेवर हात ठेवून विचारलं, "सगळं माहीत आहे म्हणाला होतात ना?" एरीबेर्तो म्हणाला, "आधी हो, मग नाही, आता परत हो. मी समजून घेईन रे, पण बैलांना काय सांगू?" आणि डोळे पुसले. त्याच्या घरात तेव्हा खरंच कांदा चिरत होते.

अठ्ठावीस मेला पाऊस होता, पण वारा नव्हता. बैलांच्या इतक्या जोड्या मी आपल्या लग्नाच्या वयात पाहिल्या होत्या, नंतर नाही. घर ओंडक्यांवरून कण्हत खाली आलं. कडेला पिंपं बांधली होती. पाणी लागताच ते एकदा कललं, मग सावरलं आणि तरंगलं. लाँच पुढे, घर मागे, वरच्या खिडकीत आईचा पडदा तसाच. पालोमा ओरडली, "ताता, घर पोहतंय!" मधल्या प्रवाहात ते हळूहळू गोल फिरलं, जसं काही कुठे जायचं ते ठरवत होतं. तुझ्या खोलीची एक काच फुटली. बाकी काही नाही. यास्नाने पुन्हा साठ माणसांचं रांधलं. या वेळी कमी पडलं. तुझं नाव घेऊन सगळे प्याले. "नोल्फा कुठे आहे?" असं ज्याने त्याने विचारलं. मी सांगितलं, येतेय.

आता फेरीबोट एक दिवस चालते आणि चार दिवस बंद असते, म्हणून रुबेनने गाडी गॅरेजात लावली आहे. वसंतात येऊ म्हणाले. जाताना पालोमा छताला टांगलेला तो कप मला देऊन गेली. शुक्रवारी संध्याकाळी माझे कान अजून रस्त्याकडे असतात. गॅसची टाकी नाही, ब्रेक नाहीत, कुणी पत्त्यांत फसवत नाही. मी माझ्या कोरड्या बिछान्यात जागा असतो.

पूर्वी मी खिडकीतून पलीकडे आईचं घर बघायचो. आता तिथे घराच्या मापाचा पिवळट गवताचा तुकडा आहे. घर इकडे आलंय, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. दमट हवेने आतून कुजू नये म्हणून मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन चूल पेटवतो. थोडा वेळ बसतो. मग ती विझवून माझ्या घरी येतो आणि माझी पेटवतो. रस्त्यावरून जाणारे धूर बघून विचारतात, "आली का बहीण?" कालपर्यंत मी 'येतेय' म्हणत होतो. आज नुसता हात हलवला.

एक काम अडलंय, ते तुझ्यावाचून होत नाही. घर अजून ओंडक्यांवरच आहे. एकदा खालचे दगड बसवले की मग ते हलवता येणार नाही. एरीबेर्तोने विचारलं, दार कुठल्या बाजूला ठेवायचं? समुद्राकडे, आईच्या वेळी होतं तसं? रस्त्याकडे, म्हणजे येणारेजाणारे दिसतील? की माझ्या दाराकडे? मी म्हटलं, ज्याचं दार त्याला विचारतो. तो म्हणाला, लवकर विचार, जमीन भिजत चालली आहे, ओंडके रुतले तर बैलांनाही ते फिरवता येणार नाही.

माझ्यावर रागव. ते तुझं बरोबरच आहे. मोठं पत्र नको, 'दादा' असंही लिहू नकोस. एका कागदावर नुसतं लिही, समुद्र, रस्ता की तू. आणि घाट बंद व्हायच्या आत चागोच्या हाती दे. मी स्टँडवर उभा आहे.

बेलार्मीनो